सहाशे चाळीस गुणिले पाचशे : आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

दिनांक : ५ जानेवारी २०२६

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मुलाने दप्तराच्या तळातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून दिली. ‘संगणक कक्ष श्रेणीवर्धन शुल्क रु. ५००/- दि. १० जानेवारीपर्यंत जमा करावे. विंडोज १० ही प्रणाली बंद झाल्याने शाळेतील सर्व संगणक विंडोज ११ करणे अनिवार्य आहे.’ खाली शिक्का होता, सही नव्हती. मी ती दोनदा वाचली. ‘बंद झाल्याने’ हे खरं नाही आणि ‘अनिवार्य’ हेही खरं नाही. या दोन शब्दांवर आपण ६४० मुलांच्या घरांतून ३ लाख २० हजार रुपये गोळा करणार आहात. म्हणून हे पत्र. त्याची एक प्रत शाळेच्या आवक-जावकला दिली आहे. इथेही ठेवते आहे, कारण पैसे सगळ्याच पालकांचे आहेत.

मी कोण ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. १९९८ साली मी याच शाळेतून दहावी झाले. २०११ ते २०१९ इथेच मानधनावर संगणक शिकवला. आता गावात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते, परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेला मुलं बसवते, आणि माझ्याकडे चौदा मशिन आहेत. त्यामुळे ‘विंडोज १० चं काय करायचं’ हा प्रश्न तुमच्या आधी माझ्या दारात आला होता, तोही माझ्याच पैशांवर. आणखी एक. शाळेच्या कक्षातली चोवीस मशिन २०१८ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आली, तेव्हा त्यांची खोकी मी आणि शिपाईमामांनी मिळून फोडली होती. प्रत्येक मशिनच्या कुशीवर विंडोज १० प्रोचं स्टिकर आहे. इंटेलचा आय-३ प्रोसेसर, सातवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. त्यातल्या कुठल्या कीबोर्डचं कुठलं बटण अडकतं, तेही मी सांगू शकते.

उद्या कोणी म्हणायला नको म्हणून हेही लिहून टाकते. या कामाचं कंत्राट मला नको. दिलंत तरी घेणार नाही. शाळेला मी एक वायरही विकणार नाही.

आता ‘बंद झाली’बद्दल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसापासून नव्या सुरक्षा दुरुस्त्या सर्वांना फुकट मिळणं थांबलं. मशिन बंद पडली नाहीत. १५ तारखेला सकाळी माझ्या इन्स्टिट्यूटमधली चौदाच्या चौदा मशिन रोजच्यासारखी सुरू झाली, आणि तुमच्या कक्षातलीही झाली असणार. एज ब्राउझरला विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळत राहतील आणि डिफेंडर या अंगच्या अँटिव्हायरसची नव्या व्हायरसांची यादीही २०२८ पर्यंत येत राहील, हे कंपनीनेच जाहीर केलेलं आहे.

पण मग काहीच करायला नको, असं मी म्हणत नाही. इथे दोन शब्दांची गल्लत होते आणि दुकानदाराचा फायदा त्या गल्लतीतच असतो. अपडेट आणि अपग्रेड. कौलारू घरात राहिलेल्यांना पटकन कळेल. अपडेट म्हणजे मृगाच्या आधी कौलं चाळून घेणं, फुटलेली बदलणं. अपग्रेड म्हणजे कौलं उतरवून स्लॅब टाकणं. गळती थांबवायला पहिलं पुरतं. दुसरं हौसेचं असू शकतं, कधी गरजेचंही असू शकतं, पण ‘पाऊस येतोय, स्लॅब टाका’ असं सांगणारा माणूस सहसा सिमेंट विकणारा असतो.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरची कॉम्प्युटर्स कुलूपबंद केली होती, आठवत असेल. तेव्हा मी शाळेतच होते आणि सचिवसाहेबांनी घाबरून दोन दिवस सगळ्या मशिनांच्या नेटच्या वायरी काढायला लावल्या होत्या. त्यावरची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच फुकट दिलेली होती. सापडलेली बहुतेक मशिन विंडोज ७ ची होती, म्हणजे त्या वेळी आधार चालू असलेली. त्यांना नव्या प्रणालीची गरज नव्हती, दोन महिने आधी आलेली दुरुस्ती तेवढी घालायला हवी होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. धोका खोटा नाही. पण पैसे टाकून नवी विंडोज आणली आणि शाळेत अपडेट घालणारा कोणीच नसला, तर त्या पैशांनी काय विकत घेतलं?

आणि तसा कोणी आज नाही. २०१९ नंतर संगणक शिक्षकाची जागा भरलेली नाही. कक्षाची किल्ली चित्रकलेच्या सरांकडे असते.

आता हिशोबाकडे येते. पालक म्हणून अर्ज केल्यावर कार्यालयाने पुरवठादाराच्या दरपत्रकाची प्रत दिली, त्याबद्दल मनापासून आभार. ती अशी : विंडोज ११ प्रो परवाना, नग २४, दर ९,५०० रुपये, एकूण २,२८,०००. इन्स्टॉलेशन, दर १,५०० प्रमाणे ३६,०००. तीन वर्षांचा अँटिव्हायरस, दर १,२०० प्रमाणे २८,८००. आणि ‘इतर अनुषंगिक’ २७,२००. एकूण ३,२०,०००.

सचिवसाहेब, आठवी-नववीला तुम्ही आम्हाला गणित शिकवलंत. पायऱ्या न मांडता उत्तर लिहिणाऱ्याला तुम्ही अर्धे गुण द्यायचात, आणि मागच्या पानावरचं उत्तर बघून पायऱ्या जुळवणाऱ्याला शून्य. शाळेचा पट ६४०. प्रत्येकी ५०० रुपये. गुणाकार ३,२०,०००. पुरवठादाराच्या खर्चाची बेरीजही, ‘इतर’ धरून, एक रुपया इकडेतिकडे न होता ३,२०,०००. मी कोणावर आरोप करत नाही. तुम्हीच हा पेपर तपासा एवढंच म्हणते.

त्यातली सगळ्यात मोठी रक्कम बघा, परवान्याची. विंडोज १० चा खरा परवाना असलेल्या आणि अटीत बसणाऱ्या मशिनवर विंडोज ११ फुकट चढते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली त्या दिवसापासून फुकट आहे. प्रोवरून प्रोवर जायला एक पैसा लागत नाही. आपल्या मशिनांना खरा परवाना आहे, २०१८ च्या बिलात तो वेगळा दाखवलेला आहे, ते बिल मी स्वतः फाइलला लावलं होतं. तेव्हा २,२८,००० रुपये कशाचे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा त्याहून अवघड आहे. आपली मशिन अटीत बसतच नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. एवढं आपल्याकडे आहे किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करता येतं. अडतं ते प्रोसेसरवर. मान्य प्रोसेसरांची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि आपली सातवी. एका इयत्तेने नापास. (गंमत म्हणजे सातव्या पिढीतला एक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने नंतर यादीत घेतला. तो त्यांच्याच सरफेस स्टुडिओ २ या साडेतीन हजार डॉलरपासून सुरू होणाऱ्या यंत्रात बसवलेला होता. घरचं लेकरू ग्रेस गुणांनी पास.)

मग पुरवठादार काय करणार? तपासणी वगळणारा पेन ड्राइव्ह बनवून विंडोज ११ चढवणार. मी माझ्या एका मशिनवर करून बघितलंय, चढते आणि चालतेही. पण अशा मशिनांना पुढे अपडेट मिळतीलच असं नाही, हे कंपनीने लिहून ठेवलंय. दरवर्षीची मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही, ती पुन्हा हाताने चढवावी लागते. म्हणजे ज्या सुरक्षेच्या नावाने पैसे घ्यायचे, तिचीच हमी घालवायची. आणि हे दरपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

आता कमी खर्चाचा रस्ता. विंडोज १० ला आणखी तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या विकत मिळतात. कंपन्यांसाठी त्याचा दर पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर आहे आणि पुढे दरवर्षी दुप्पट होतो. शिक्षणसंस्थांसाठी तो पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. होय, एक डॉलर. तीन वर्षांचे मिळून सात. चोवीस मशिनचे १६८ डॉलर. डॉलर नव्वदीला टेकलाय असं धरलं तरी पंधरा हजारांच्या आसपास, तेही तीन वर्षांत विभागून. पहिल्या वर्षाचे २,१६० रुपये, म्हणजे स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या एका बाजूच्या पडद्याचे. हे शैक्षणिक परवाना करारातून, अधिकृत विक्रेत्यामार्फत घ्यावं लागतं, त्यासाठी चार कागद आणि चार फोन लागतील. पुरवठादाराने हा पर्याय तुम्हाला सांगितला होता का? त्याला माहीत नसेल तर त्याच्याकडून सल्ला का घ्यायचा, आणि माहीत असूनही सांगितला नसेल, तर मग पुढचं तुम्हीच ठरवा.

‘पण बाई, मशिन फार हळू चालतात, मुलं कंटाळतात,’ असं मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या. त्यांचं शंभर टक्के खरं आहे. पस्तीस मिनिटांची तासिका. मुलं रांगेने येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं जातात, मग मशिन सुरू होऊन हातात यायला आणखी चार-पाच. शेवटची पाच बंद करण्यात. उरली वीस, आणि एका मशिनवर तीन मुलं. म्हणजे आठवड्यातून एकदा एका मुलाच्या हातात माउस जेमतेम सात मिनिटं. ही खरी तक्रार आहे आणि नव्या विंडोजने ती सुटणार नाही, वाढेल. कारण तिचं मूळ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये आहे. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये याच पिढीची सहा मशिन आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांत २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, नगाला १,७०० रुपये पडले. आधी सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची. आता मुलगी खुर्ची ओढून बसेपर्यंत पडदा तयार असतो. रॅमही ८ जीबी करायची होती, पण हल्ली रॅमचे भाव असे चढलेत की तो विचार मी पुढे ढकलला, तुम्हीही ढकला. चोवीस एसएसडींचे ४०,८०० रुपये होतात. आजचा भाव थोडा वर असेल असं धरा.

पैसे देऊन केलेल्या अपग्रेडचा माझा स्वतःचा अनुभवही सांगितला पाहिजे, नाहीतर ही बाई जन्मतःच शहाणी होती असं वाटेल. २०१२ च्या अखेरीला विंडोज ८ ची जाहिरात बघून मी घरच्या कॉम्प्युटरसाठी १,९९९ रुपये मोजून अपग्रेड घेतली. मानधन तेव्हा महिन्याला चार हजार होतं. संध्याकाळी शिकवणीला येणारी मुलं स्टार्ट बटण शोधत बसायची, कारण ते त्यात नव्हतंच, आणि मी त्यांना कोपऱ्यात माउस नेऊन दाखवायचे. चूक कोणाची? माझीच. जुन्या विंडोजवर माझं नेमकं काय अडलं होतं, हे पैसे देण्याआधी मी स्वतःला विचारलंच नव्हतं. अडीच वर्षांनी, २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० आली आणि ७ व ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट मिळाली. ॲपलचीही हीच कथा. २००७ मध्ये मॅकची नवी प्रणाली १२९ डॉलरला मिळायची, २००९ मध्ये २९ ला, २०१२ मध्ये वीसला आणि २०१३ पासून फुकट. नव्या प्रणालीचे वेगळे पैसे घेणं विकणाऱ्यांनीच सोडून दिलंय, त्यांची कमाई आता यंत्रांतून आणि महिन्याच्या वर्गणीतून येते. आणि आपल्या तालुक्यात २०२६ साली त्याच्यासाठी पालकांना चिठ्ठ्या जातात.

कधीकधी ते पैसे देणं योग्यही असतं, हे मान्य करते. डिसेंबरात आमच्या पतसंस्थेने काउंटरची दोन जुनी मशिन काढून नवी घेतली. बरोबर केलं, तिथे लोकांचे पैसे आहेत. माझ्या चौदापैकी आठ मशिन आठव्या पिढीच्या पुढची होती, त्यांवर मी विंडोज ११ चढवली, फुकट, एका रविवारात. परीक्षेचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर करून घ्यायचा ते विंडोजवरच चालतं, म्हणून मला दुसरा रस्ताही नव्हता. उरलेल्या सहांचं वेगळं केलं.

त्या सहांवर मी लिनक्स मिंट घातलंय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. हा शब्द ऐकला की मंडळी दचकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या कक्षात मुलं काय करतात? पाचवी-सहावी चित्र काढते आणि टाइप करते. सातवी-आठवी तक्ते बनवते, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये मांजर चालवते. नववी-दहावी थोडं एचटीएमएल, थोडी सादरीकरणं, प्रकल्पासाठी नेटवरून माहिती. यातलं एकही काम असं नाही की ज्याला विंडोज लागते. लेखन-तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस, स्क्रॅच, भूमितीसाठी जिओजेब्रा, नेटसाठी फायरफॉक्स, सगळं लिनक्सवर चालतं आणि फुकट आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा. माझ्याकडे सुट्टीत येणारी सातवीची मुलं पहिल्या दिवशी ‘बाई, हे वेगळं दिसतंय’ एवढं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तेही म्हणाली नाहीत. सवय मोडायला वेळ लागतो तो आपल्यासारख्या मोठ्यांना.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये गेली दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सच आहे. तिथल्या काइट या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बनवली आहे, शिक्षकांना प्रशिक्षण देते, आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा मुलं त्यावर देतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. ज्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, त्या सी-डॅकची बॉस लिनक्स ही भारतीय भाषांसाठी केलेली प्रणाली २००७ पासून आहे. तीन-साडेतीन कोटी लोकसंख्येचं एक राज्य जे करतं, ते चोवीस मशिनच्या कक्षात होणार नाही असं मला वाटत नाही.

हरकती मला माहीत आहेत. बैठकीत येण्याआधीच दोघांनी फोनवर ऐकवल्या.

एक : नोकरीत विंडोज असते, मग शाळेत दुसरं का शिकवायचं? मी दहावीला असताना याच शाळेच्या त्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर डॉस आणि वर्डस्टार शिकले. कंट्रोल के, कंट्रोल डी अशी बटणं तोंडपाठ होती. त्यातलं आज एक बटणही उपयोगी नाही. उपयोगी पडलं ते वेगळंच. फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवायचं, नाव नीट द्यायचं, काही बिघडलं तर घाबरून प्लग न उपटता पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. आज पाचवीत असलेलं मूल नोकरीला लागेल तेव्हा विंडोजचा कितवा आकडा असेल कोण जाणे.

दोन : कार्यालयाचं काय? इथे हरकत खरी आहे. सरल, यू-डायस प्लस (मुलांची आणि शाळेची माहिती), शालार्थ (पगार) ही सगळी सरकारी कामं ब्राउझरमध्ये होतात, त्याची अडचण नाही. पण आपले कारकून भाऊसाहेब दाखले, बोनाफाइड आणि ठराव जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत आणि ते टायपिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. भाऊसाहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना नवा कीबोर्ड शिकायला लावणं हा छळ होईल. म्हणून कार्यालयातली दोन मशिन विंडोजवरच राहू द्या. ती या चोवीसांत धरलेली नाहीत आणि नवीनही आहेत, दहावी पिढी. त्यांवर विंडोज ११ फुकट चढेल. मी बघून आले आहे, ऑक्टोबरपासून पडद्यावर तशी सूचना येते आणि भाऊसाहेब ती रोज ‘नंतर’ म्हणून बंद करतात.

राहता राहिला शुल्काचा मुद्दा. मी वकील नाही, पण महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ वाचता येण्याइतकं मराठी याच शाळेने शिकवलं. शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. या वर्षी त्या समितीवर मी आहे. तो आमच्यापुढे आलेला नाही. पन्नास रुपयांच्या सहलीच्या वर्गणीवर आपण तिथे पाऊण तास चर्चा करतो, आणि पाचशेची चिठ्ठी थेट दप्तरात. आठवीतल्या एका मुलीची आई माझ्याकडे शिवणाचे पैसे घ्यायला आली होती. तिची तीन मुलं शाळेत आहेत. दीड हजार. ती मला विचारत होती की नाही भरले तर मुलांना कॉम्प्युटरला बसू देतील ना. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मागण्या लिहिते, थेट आणि थोडक्यात. १० जानेवारीची मुदत थांबवा आणि ज्यांनी पैसे भरले त्यांना पावती द्या. आतापर्यंत दिलेली नाही. पुरवठादाराकडून लेखी घ्या की ही चोवीस मशिन विंडोज ११ च्या मान्य यादीत आहेत की नाहीत, आणि आधीचा परवाना असताना ९,५०० रुपये कशाचे. ‘इतर अनुषंगिक’ या २७,२०० रुपयांची फोड मागवा. शिक्षणसंस्थांसाठीच्या एक-दोन-चार डॉलरच्या दराची अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करा. प्रस्ताव, कोणताही असो, पालक-शिक्षक संघाच्या समितीपुढे आणा. आणि संगणक शिक्षकाची जागा भरा, मानधनावर का होईना. माझ्या मते या सगळ्यात हीच मागणी पहिली हवी होती, पण ती दरवर्षी पहिली लिहिली जाते आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते, म्हणून या वेळी शेवटी लिहिली.

माझा प्रस्ताव विचाराल तर असा : वीस मशिनवर लिनक्स, चारवर विंडोज १० आणि त्यांच्यापुरत्या विकतच्या दुरुस्त्या, सगळ्या चोवीसांत एसएसडी. चार मशिनचे तीन वर्षांचे २८ डॉलर म्हणजे अडीच हजार, एसएसडीचे एकेचाळीस हजार, सुटे भाग, वायरी आणि चहा धरून पन्नास हजारांत काम होतं. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर निरोप टाकला तर तेवढे एका आठवड्यात जमतील. २०१८ ला चार लाखांहून जास्त जमले होते.

आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. चोवीसपैकी क्रमांक ७ चं मशिन दिवाळीपासून कव्हर घालून बाजूला ठेवलंय. ते मला एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर द्या. माझ्याकडची एक एसएसडी तात्पुरती घालते, त्यावर सगळं चढवते आणि सोमवारच्या पहिल्या तासिकेला नववी ब च्या मुलांना त्याच्यापुढे बसवा. शेजारी क्रमांक ८ आहे तसंच सुरू ठेवा. मी वर्गात नसेन. संचालकांपैकी कोणीतरी मात्र मागच्या बाकावर बसा, हातात घड्याळ घेऊन.

माझे पाचशे रुपये मी पाकिटात घालून, वर मुलाचं नाव आणि तुकडी लिहून तयार ठेवले आहेत. दहा तारखेला ते भरणार नाही. वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरं ज्या दिवशी मिळतील, त्या दिवशी पाकीट कार्यालयात आणून देईन. रक्कम तोवर कमी झालेली असली, तर भाऊसाहेबांना सुटे तयार ठेवायला सांगा.

आपली,
शाळेची माजी विद्यार्थिनी, माजी संगणक शिक्षिका
आणि नववी ब मधल्या एका मुलाची आई